बाळसे नव्हे, ही सूज आहे

दिवाळी अंकात शेणखताचा विषय काढणारा लेखक आणि लग्नाच्या पंगतीत पित्ताच्या औषधाची चौकशी करणारा पाहुणा, या दोघांकडे मंडळी एकाच नजरेने पाहतात, हे मला ठाऊक आहे. चकल्यांचा डबा शेजारी उघडा आहे, कथा-कवितांची पाने वाट पाहत आहेत, आणि हा गृहस्थ रोपांना काय खाऊ घालावे ते सांगत बसला आहे! तरीही मी ते सांगणार आहे. कारण ज्या घरांत हा अंक वाचला जातो, त्यांतल्या बहुतेक घरांनी कधी ना कधी एखादे झाड लावलेले असते. कुणी नातीच्या बारशाला, कुणी वडिलांच्या वर्षश्राद्धाला, कुणी शाळेच्या नाहीतर सोसायटीच्या कार्यक्रमात. आणि त्यांतली पुष्कळ झाडे पहिल्याच उन्हाळ्यात वाळून गेलेली असतात. मग घरातली आजी हळहळते, "आपल्या हाताला गुणच नाही बाई!"

वाचकहो, त्या आजीवर हा अन्याय आहे. झाड अंगणात वाळले म्हणजे त्याच्या मरणाला अंगणातच सुरुवात झाली असे समजण्याचे कारण नाही. बकरी खाते, पाऊस दगा देतो, पाणी घालायला कुणी उरत नाही, हे सगळे खरे. पण पुष्कळ रोपे रोपवाटिकेच्या फाटकातून बाहेर पडतात तेव्हाच आजारी असतात. त्यांना तिथे धड जेवायला मिळालेले नसते, किंवा भलतेच जेवू घातलेले असते. आणि या गोष्टीची चौकशी कुणीही करीत नाही. बकरीवर ठपका येतो, पावसावर येतो, गावकऱ्यांवर तर हमखास येतो. रोपवाटिकेवर मात्र कधीच येत नाही. माझे भांडण आहे ते इथे.

आपल्याकडे झाडे लावण्याच्या उत्साहाला तोटा नाही. १९५० साली तेव्हाचे केंद्रीय अन्न व कृषिमंत्री कन्हैयालाल मुनशी यांनी वनमहोत्सव सुरू केला. तेव्हापासून दर पावसाळ्यात टोपी घातलेले, टोपी न घातलेले, सर्व पक्षांचे पुढारी एका हातात झारी आणि दुसऱ्या हातात रोप घेऊन छायाचित्रात उभे आहेत. महाराष्ट्रात २०१६ साली १ जुलै या एका दिवसात दोन कोटी रोपे लावण्याचा संकल्प झाला. २०१७ साली तो चार कोटींवर गेला, २०१८ साली तेरा कोटींवर आणि २०१९ च्या पावसाळ्यात तेहेतीस कोटींवर. तेहेतीस कोटी! देवांची संख्या गाठली. पण तेहेतीस कोटी रोपे लावायची म्हणजे त्याआधी तेहेतीस कोटी पिशव्या भरायच्या, आणि त्या पिशव्यांत काय भरले, हा प्रश्न त्या सगळ्या जल्लोषात किती जणांनी विचारला? आपण खड्डे मोजतो, रोपे मोजतो, छायाचित्रेही मोजतो. जेवण कुणी मोजीत नाही.

हा मुद्दा काढला की पहिला वकील उठतो आणि म्हणतो, "अहो, जंगलात कोण खत घालायला जाते? सह्याद्री काय युरियावर वाढला?" वाक्य मोठे टाळ्या घेणारे आहे. परंतु जंगलाचा हिशेब या वकिलाने कधी नीट वाचलेला नाही. रानातला एक कदंब आपल्या आयुष्यात लाखोंनी बी टाकतो आणि त्यांतली एखाद-दोन झाडे उभी राहिली तरी निसर्ग समाधानी असतो. आपल्याला शंभर पिशव्यांतली नव्वद तरी रोपे हवी असतात. रानातल्या रोपाला पाय पसरायला सगळी जमीन मोकळी असते. तिथे वर्षानुवर्षे पडलेला पालापाचोळा कुजत असतो, मुळांशी सोयरीक जुळवणाऱ्या बुरशा आधीपासून वसलेल्या असतात, आणि एक कण इथे मिळाला नाही तर मूळ वीतभर पुढे जाऊन तो शोधते. रोपवाटिकेतल्या पिशवीत जेमतेम लिटरभर माती असते. ती रोपाची कोठडी आहे. शिवाय रोज दोन वेळा पाणी घालायचे, म्हणजे त्या मातीत जे थोडे नत्र असते तेही पाण्याबरोबर खालच्या भोकांतून निघून जायचे. ज्याला आपण कोंडून ठेवले, त्याला जेवू घालण्याची जबाबदारी आपलीच. त्याने आपले आपण शोधून खावे, असे म्हणणारा जेलर मी पाहिलेला नाही; रोपवाटिकांत मात्र पुष्कळ पाहिले आहेत.

बरे, ही उपासमार लपून राहते असेही नाही. ती पानांवर ठळक अक्षरांत लिहिलेली असते; वाचणारा पाहिजे. नत्र कमी पडले की आधी खालची, म्हणजे जुनी, पाने फिकट होऊन पिवळी पडतात. असे का? घरात दूध कमी पडले की मोठ्यांच्या चहातले काढून तान्ह्याच्या वाटीत घालतात ना, तेच. रोप जुन्या पानांतले नत्र काढून घेते आणि कोवळ्या शेंड्याला पुरवते. पालाश कमी पडला की जुन्या पानांच्या कडा करपतात. पानांची रंध्रे कधी उघडायची आणि कधी मिटायची, हे काम पालाशावर चालते. म्हणून पालाशाला मुकलेले रोप उन्हाच्या पहिल्या तडाख्यातच मान टाकते. स्फुरद नसेल तर रोप खुरटते, पान काळपट हिरवे आणि कधी जांभळट दिसते, मूळ पसरत नाही. पण लोहाची गोष्ट उलटी. लोह एकदा पानात गेले की तिथेच अडकून बसते, जुने पान नव्याला ते देऊ शकत नाही. म्हणून लोहाच्या टंचाईत कोवळे पान पिवळे पडते आणि त्याच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. कुठले पान आधी पिवळे पडले, एवढे पाहिले तरी निम्मे निदान झाले. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, डोळे लागतात.

आणि इथेही एक मेख आहे. पोटात लोह जात नाही म्हणजे मातीत लोह नाही, असे समजू नका. देशावरच्या चुनखडीच्या काळ्या मातीत लोह असते, पण ते कुलपात असते. त्यातून विहिरीचे जड, खारवट पाणी महिनोन्महिने घातले की कुलूप आणखी घट्ट होते. कोकणातल्या जांभ्याच्या तांबड्या मातीत लोहाला तोटा नाही; पण तेच लोह आणि अॅल्युमिनियम मिळून स्फुरदाला असे धरून ठेवतात की रोपाच्या वाट्याला थेंबभरही येऊ नये. म्हणजे दापोलीच्या रोपाचे दुखणे वेगळे आणि दौंडच्या रोपाचे वेगळे. आणि आपण दोघांना देतो काय? तेच ते ठरलेले मिश्रण: इतके भाग माती, इतके वाळू, इतके शेणखत. वैद्याने साऱ्या गावाला एकच काढा पाजावा, तसा हा प्रकार आहे.

शेणखत! त्याचे नाव घेतले की आपले हात जोडले जातात. मीही जोडतो, पण ते कुजलेले असेल तर. अर्धेकच्चे शेण पिशवीत भरले की ते आत तापते, मुळे भाजते आणि हुमणीला आमंत्रण देते. लाकडाचा कच्चा भुसा मिसळला तर त्याहून गंमत: तो भुसा कुजवणारे जीवाणू मातीतले नत्र स्वतःच खाऊन टाकतात आणि रोप ताटावर बसून उपाशी राहते. नारळाचा काथ्याभुसा न धुता वापरला तर त्यातले क्षार मुळांना सोसवत नाहीत. 'सेंद्रिय' हा शब्द पोत्यावर छापला की आतला माल आपोआप पवित्र होतो, अशी एक नवी अंधश्रद्धा आपल्यात शिरली आहे. रोपाला शब्द कळत नाहीत. त्याला नत्र कळते, स्फुरद कळते, क्षार कळतात.

आता दुसरा वकील. हा पहिल्याच्या अगदी उलट टोकाला उभा असतो. त्याच्या हातात युरियाचे पोते असते. युरियात शेकडा ४६ भाग नत्र. स्वस्त, पांढराशुभ्र आणि चमत्कारी. चिमूट टाकली की आठवड्यात रोप हिरवेगार होते, महिन्यात कमरेला लागते. पाहुण्याला दाखवायला याहून सोपी वस्तू नाही. अशा एका रोपवाटिकेत मी पिशवी फाडून मुळे दाखवा म्हटले, तेव्हा तिथला मुकादम मनापासून हसला आणि म्हणाला, "साहेब, घ्यायला येणारे टेप घेऊन येतात. उंची बघतात. मुळं कोण बघतंय?"

त्याचे काहीच चुकले नव्हते. आपण उंची विकत घेतो, म्हणून तो उंची पिकवतो. आपल्या आज्या लेकरू उचलून पाहत आणि सांगत, हे बाळसे आहे की सूज. युरियाने फुगवलेले रोप हे बाळसे नव्हे, ही सूज आहे. त्याचे खोड पेन्सिलीसारखे, पाने मोठी आणि पाणचट, आणि मुळांचा पसारा मात्र मूठभर. वरच्या इतक्या पानांची तहान खालच्या एवढ्याशा मुळांनी भागवायची. रोपवाटिकेच्या सावलीत, दोन वेळच्या पाण्यावर, ते जमते. नगर-बीडच्या माळावर पावसाने पंधरा दिवस ओढ दिली की जमत नाही.

यात आणखी एक फसवणूक आहे, आणि ती तर डोळ्यांदेखत होते. पिशव्या जमिनीवर मांडून महिनोन्महिने हलवल्या नाहीत, तर मुळे तळाच्या भोकांतून खाली जमिनीत उतरतात आणि तिथले खाऊ लागतात. रोप तरारते. बघणारा म्हणतो, काय सुरेख मिश्रण आहे! वास्तविक ते रोप पिशवीतले खातच नसते. जून महिन्यात गाडी येते, मजूर पिशवी उपटतो, आणि जी मुळे रोपाला पोसत होती ती तट्कन तुटून जमिनीत राहतात. आपण घरी नेतो ते उरलेले. पिशव्यांची जागा ठराविक दिवसांनी बदलावी, बाहेर आलेली मुळे छाटावीत, हे जुन्या माळ्यांनाही ठाऊक होते. पण त्याला मजुरी पडते, आणि मजुरीचा खर्च छायाचित्रात दिसत नाही.

मग रोपांना खायला द्यावे की देऊ नये? द्यावेच, पण आई देते तसे. बारशाचे बाळ आणि मुंजीचा बटू यांना एकच वाटी पुरत नाही. रोप जसजसे वाढते तसतशी त्याची गरज चढत जाते. सुरुवातीला अगदी थोडे आणि पुढे वाढत्या मापाने दिले, तर वायाही जात नाही आणि कमीही पडत नाही. दर आठवड्याला एकाच डब्याने खत टाकले तर पहिल्या महिन्यात अजीर्ण आणि चौथ्या महिन्यात उपास, असे दोन्ही पदरात पडते. आणि माळरानावर पाठवण्याआधी काही आठवडे पाणी आवरायचे, नत्राचा हात आखडता घ्यायचा, सावली काढायची, म्हणजे रोप काटक होते. मात्र काटक करणे म्हणजे उपाशी मारणे नव्हे. पोटात चांगला साठा घेऊन निघालेले रोप परक्या मातीत लवकर मूळ धरते. शिदोरी बांधून निघालेला वाटसरूच पल्ला गाठतो.

नुसते नत्र ओतून काम का भागत नाही, याचा नियम जुना आहे. जर्मनीतल्या श्प्रेंगेलने तो मांडला आणि लीबिगने एकोणिसाव्या शतकात जगभर पोहोचवला. जे अन्नद्रव्य सर्वांत कमी असते, त्याच्या मापानेच रोप वाढते. हे समजायला जर्मनीला जायला नको. फराळाच्या दिवसांत स्वयंपाकघरात डोकवा. रवा पाच किलो आहे, साखर पाच किलो आहे, तूप मात्र पाव किलोच आहे; तर लाडू तुपापुरतेच वळले जातात. आणखी दहा किलो रवा आणून ओतला म्हणून लाडू वाढत नाहीत. स्फुरदाला मुकलेल्या रोपावर युरिया ओतणे म्हणजे तोच जादा रवा.

आणि प्रत्येक जातीचा लाडू वेगळा, हे तर आपण विसरूनच गेलो आहोत. जांभूळ, आंबा, फणस यांचे बी घसघशीत. पहिल्या काही आठवड्यांची शिदोरी ते बरोबरच आणते. कदंबाचे, वडाचे, निलगिरीचे बी धुळीएवढे. त्या तान्ह्याला पहिल्या दिवसापासून वरचे दूध लागते. खैर, शिरीष, करंज, शिसव यांच्या मुळांवर गाठी धरतात आणि त्या गाठींतले जीवाणू हवेतले नत्र बांधून देतात. यांना युरिया वाढला तर गाठी धरेनाशा होतात. मिळवत्या मुलाला घरबसल्या पैसे पुरवून आळशी करावे, तसे. पण शेंग दिसली की गाठ असणारच, असेही नाही. बहावा शेंगांच्या कुळातला, चिंचही त्याच कुळातली, आणि दोघेही गाठी धरीत नाहीत. उलट समुद्रकाठचे सुरूचे झाड त्या कुळातले मुळीच नाही, तरी फ्रँकिया नावाच्या जीवाणूशी भागी करून ते नत्र कमावते.

चंदनाची तर तऱ्हाच न्यारी. तो अर्धा परजीवी. त्याची मुळे शेजाऱ्याच्या मुळांना चिकटून त्यांतला रस शोषतात. म्हणून जाणते लोक चंदनाच्या पिशवीत शेजारी तुरीचा दाणा टोचतात. शेजारी काढून घ्या आणि कितीही खत घाला, चंदन कुढतच राहतो. आता सांगा, खैराला, कदंबाला आणि चंदनाला एकाच मिश्रणाच्या पिशव्या भरून देणारा माणूस रोपे वाढवतो आहे की नुसत्या पिशव्या?

खताच्या पोत्यात न मिळणारी एक गोष्ट आहे, आणि तिच्यावाचून इतर सारे फुकट जाऊ शकते. झाडांच्या मुळांशी बुरशीचे धागे सोयरीक करतात. फ्रांक या जर्मन शास्त्रज्ञाने १८८५ साली या सोयरिकीला मायकोरायझा हे नाव दिले. जिथे मूळ पोहोचत नाही तिथून हे धागे स्फुरद आणतात आणि बदल्यात झाडाकडून साखर घेतात. पोर्तो रिको या उष्ण कटिबंधातल्या बेटावर पाईनची झाडे लावण्याचे प्रयत्न वर्षानुवर्षे फसत राहिले. रोपे उगवत, पिवळी पडत आणि मरत. शेवटी १९५०च्या दशकात पाईनच्या जंगलातली माती आणून त्यांच्या मुळांशी घातली, आणि रोपे वाढू लागली. त्या बेटावर पाईनची सोबतीण बुरशीच नव्हती! आपल्याकडे एवढा दुष्काळ नाही. बहुतेक झाडांच्या बुरशा आपल्या मातीत आहेत. पण ज्या रोपवाटिकेत रस्त्याच्या कामातून निघालेला मुरूम पिशवीत भरतात, तिथे त्या कुठून येणार? त्याच जातीच्या जुन्या झाडाखालची थोडी माती मिश्रणात विरजणासारखी लावली तरी पुष्कळ काम होते. विरजणासारखी म्हणतो, नाहीतर उद्या कुणी उत्साही मंडळी ट्रक घेऊन देवराया खरवडायला निघायची.

तिसरा वकील अर्थातच खर्चाचा. "एवढे लाड करायला पैसा कुठून आणायचा?" मी उलट विचारतो, मेलेल्या रोपाला काय खर्च आला तो मांडा. पिशवी, माती, बी, वर्षभराचे पाणी, गाडीभाडे, खड्डा, खड्डा खणणाऱ्याची मजुरी, आणि दुसऱ्या वर्षी त्याच खड्ड्यात नवे रोप लावण्याचा पुन्हा तोच खर्च. याच्यापुढे माती भरण्याआधी तिची आणि पाण्याची एकदा तपासणी करायला काय लागते? ज्ञान नाही म्हणावे, तर दापोलीला वनशास्त्राचे महाविद्यालय आहे, जबलपूरला उष्णकटिबंधीय वनांची संशोधन संस्था आहे, केरळात पीचीला वनसंशोधन संस्था आहे. कागदावर सारे आहे. ते कागदावरून वाफ्यापर्यंत येत नाही. कारण वाफ्यात बसून पिशव्या भरणाऱ्या बाईला पिशव्यांच्या आकड्याप्रमाणे पैसे मिळतात. कुठली रांग फिकट पडली, ते तिला साहेबाच्या आठ दिवस आधी कळते. तिला कुणी विचारत नाही, आणि सांगितले तर ऐकत नाही.

म्हणून माझ्या मागण्या थोड्या आहेत. सरकारने आणि संस्थांनी रोपे घेताना उंचीबरोबर मातीलगतच्या खोडाची जाडी मोजावी. उंची सेंटिमीटरमध्ये घ्या, जाडी मिलिमीटरमध्ये. भागाकार सहाच्या आत आला तर रोप सहसा दणकट समजावे. साठ सेंटिमीटर उंचीला दहा मिलिमीटर जाडी. जातीपरत्वे उणेअधिक होईल, पण टेपपेक्षा हा न्याय बरा. गाडी भरण्याआधी शेकडा दोन-चार पिशव्या फाडून मुळे पाहावीत. आणि रोपवाटिकेचे पुरते पैसे तिसऱ्या पावसाळ्यानंतर, जिवंत झाडे मोजून चुकते करावेत. रोपवाल्याची जोखीम वाढेल म्हणून त्याचा दरही वाढवावा. त्यात मला काही गैर वाटत नाही. असा हिशेब सुरू होऊ द्या, मग रोपाच्या जेवणाची चौकशी करायला माझ्यासारख्याला दिवाळी अंकातली जागा अडवावी लागणार नाही.

तोपर्यंत निदान आपण आपल्यापुरते शहाणे होऊ. येत्या पावसाळ्यात मुलाबाळांना घेऊन रोप आणायला जाल, तेव्हा रोपवाला सवयीने तुमच्यापुढे सगळ्यांत उंच रोप ठेवील. मुलांनाही तेच आवडेल. ते बाजूला सारा. ठेंगणे, जाड खोडाचे, तळपासून शेंड्यापर्यंत सारख्या हिरव्या पानांचे रोप मागा. पिशवी उचलून पाहा. खालून मुळे तुटलेली असतील तर परत ठेवा. आणि त्याला सरळ विचारा, "याला काय खायला घालत होतात?" पहिल्या वर्षी तो तुम्हाला वेड्यात काढील. दहा गिऱ्हाइकांनी विचारले की तो मुकादमाला विचारील, आणि मुकादम त्या पिशव्या भरणाऱ्या बाईला. ती उत्तर देईल. तिला ते केव्हापासून ठाऊक आहे.